संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनथ यांसारख्या मंडळांत ज्या शाळेत, कार्यालयात वा मी-सेवा केंद्रात एकच संगणक अनेकजण वापरतात, तेथे कोणती फाइल कोणी वाचावी हे संगणकाची कार्यप्रणाली ठरविते. ही परवानगी ढिली राहिल्यास काय घडते, हे जुलै २०२१ मध्ये दिसून आले.

विंडोज १० च्या १८०९ व त्यापुढील आवृत्त्यांत पासवर्डच्या सांकेतिक नोंदी असलेली 'सॅम' फाइल सामान्य वापरकर्त्यासही वाचण्याची मुभा राहून गेली होती. चालू संगणकात मूळ फाइल बंदिस्त असते. परंतु यंत्राने राखून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून ती मिळू शके आणि साध्या खात्याच्या मनुष्यास संपूर्ण संगणकाचा ताबा घेता येई. तिजोरीला कुलूप, पण दुसरी किल्ली कोनाड्यात, असाच हा प्रकार होय. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. तथापि जुन्या प्रती स्वतंत्रपणे पुसणे आवश्यक होते.

विंडोज ७ ची नियमित दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. यास्तव प्रत्येकास स्वतंत्र व मर्यादित खाते द्यावे. पट्टादार पासबुकाची कागदपत्रे अथवा विद्यार्थ्यांचे गुण ज्या संगणकात आहेत, तो दुरुस्तीविना ठेवणे म्हणजे गावाचे दप्तर उघड्यावर ठेवणे होय.