नोकरी, संसार आणि व्यायामाचा वेळ

प्रश्न : कल्याणहून मुंबईला लोकलने रोज ये-जा करणाऱ्या आणि घरी लहान मुले असलेल्या नोकरदाराने व्यायामासाठी वेळ कसा काढावा?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा, म्हणजे ज्यात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही असा, व्यायाम करणे इष्ट असून, तो सलग १० मिनिटे तरी व्हावा ही जुनी अट आता उरलेली नाही, त्यामुळे स्थानकापर्यंतची झपझप चाल, जिन्यांची चढण आणि मुलांबरोबरचा मैदानी खेळ हे सारे हिशेबात धरता येते. स्नायूंच्या बळकटीसाठी मात्र आठवड्यातून किमान २ दिवस जोर-बैठका स्वतंत्रपणे काढाव्यात आणि त्यासाठीचा वेळ झोपेतून न कापता, पती-पत्नींनी घरकाम वाटून घेऊन तो एकमेकांना मिळवून द्यावा.