बाटलीवरचा बारा आणि फ्रीजमधला गारठा

प्रश्न : मुलाने स्कॉटलंडहून ‘ओला डू १२’ ही व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली एल (बिअर) आणली. बारा वर्षं मुरलेली म्हणून कौतुकाने फ्रीजमध्ये गार केली, पण व्हिस्कीचा मागमूस नाही. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूक नाही, पण बारा वर्षं बिअरची नव्हेत. ज्या पिंपात ती मुरवली, त्यात आधी हायलंड पार्क या स्कॉच डिस्टिलरीची बारा वर्षांची व्हिस्की होती. हार्वीस्टन ब्रुअरी आपली काळी एल त्या रिकाम्या पिंपांत भरते. लाकडात शोषलेली व्हिस्की आणि ओकचा व्हॅनिलासारखा वास तिच्यात उतरतो.

खरा घोटाळा फ्रीजने केला. गारठ्यात वास दबतात आणि नुसता कडवटपणा पुढे येतो. दुसरी बाटली असेल तर पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. १२ ते १४ अंश पुरे. (आपल्याकडच्या मे महिन्यात अर्धा तासही जास्तच!) बिअरचा मोठा मग नको, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. आधी हुंगा. भाजलेल्या माल्टचा कॉफी-चॉकलेटसारखा वास लगेच येईल. त्यामागे पुसटसा धूर, तो व्हिस्कीच्या माल्टला दिलेल्या पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराचा. घोट जिभेवर घोळवा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. व्हिस्की सापडते ती बहुधा तिथे.

व्हिनेगरसारखी आंबट लागली तर मात्र बाटली बिघडली आहे, सरळ ओतून द्या. आणि ८ टक्के अल्कोहोल आहे; एक बाटली दोघांत.