धावण्याआधी हवा पाहा

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की गावोगावची मुले-मुली पहाटे धावण्याचा सराव करताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदान लांब पडते म्हणून पुष्कळजण महामार्गाची कड धरतात. मेहनत योग्य, पण जागा चुकीची.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हे प्रमाण १०० लिटरच्या घरात जाते. शिवाय दम लागला की आपण तोंडाने श्वास घेतो. मग नाकात धूळ गाळली जाते, तो फायदाही मिळत नाही. त्यामुळे रस्त्याकडेला बसलेल्या माणसापेक्षा धावणाऱ्याच्या छातीत कितीतरी पट धूर जातो.

या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तेवढा प्राणवायू स्नायूंना कमी पडतो आणि लवकर दमछाक होते. शुद्ध हवेत आल्यावरही हा वायू रक्तातून निम्मा कमी व्हायला चार-पाच तास लागतात. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कणांमुळे श्वासनलिकांना सूज येते. दमेकऱ्यांना हा त्रास विशेष होतो.

इथिओपियाचा विख्यात धावपटू हैले गेब्रसेलासी याला दमा होता. प्रदूषणाच्या भीतीने त्याने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन सोडली व तेथे फक्त १०,००० मीटर धावला. पुढच्याच महिन्यात बर्लिनमध्ये २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांत मॅरेथॉन पुरी करून त्याने तेव्हाचा जागतिक विक्रम केला. कुठे धावायचे नाही, हे त्याने ओळखले होते.

आपण काय करावे?

१) मोठ्या रस्त्यापासून निदान दीडदोनशे मीटर आत, शाळेच्या मैदानावर किंवा शेतरस्त्यावर धावावे.

२) थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो. अशा वेळी ऊन पडून धुके विरल्यावर सराव करावा. उन्हाळ्यात मात्र सकाळच बरी.

३) कचरा किंवा पाचट जळत असेल तेथे थांबू नये.

४) तोंडाला बांधलेल्या रुमालाने विषारी वायू अडत नाहीत, त्यावर विसंबू नये.

धावताना छातीत घरघर, दुखणे किंवा सतत खोकला असेल, तर अंगावर काढू नका. ताबडतोब थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. भरती पुन्हा निघेल, फुप्फुसे मात्र जन्मभर हीच वापरायची आहेत.