गुडघा मध्येच अडकतो? मग नुसते तेल चोळू नका



उसाला दारं धरताना किंवा मोळी उचलून उठताना गुडघा एकाएकी अडकतो. वाकत नाही, सरळही होत नाही. जरा हलवला की मोकळा होतो. आपण म्हणतो, "वात आहे, तेल चोळलं की जाईल." पण हे वारंवार घडत असेल, तर सांध्यात सुटा तुकडा फिरत असण्याचा संभव आहे.

तुकडा येतो कोठून? हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. मार लागून, झीज होऊन किंवा तरुण वयात हाडाच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडून त्याचा टवका निघतो. सांध्यातील वंगणावर तो वाढूही शकतो. चरकात खडा सापडावा तसा तो हाडांमध्ये सापडला की गुडघा अडतो आणि चांगले अस्तरही खरवडले जाते. म्हणून अडकलेल्या गुडघ्याला हिसका देऊ नये.

तपासणी : हाडाचा तुकडा एक्स-रेत दिसतो. नुसत्या कूर्चेचा दिसत नाही. त्याला एमआरआय लागतो. सांध्यातील गादी फाटूनही गुडघा अडतो, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

उपाय : १९१८ साली टोकियोचे डॉ. केंजी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले. आज एक सेंटिमीटरहून लहान दोन-तीन छिद्रांतून दुर्बीण व चिमटा घालून, सलाइनने सांधा धूत तुकडा काढतात. बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मांडीचे व्यायाम मात्र चुकवू नयेत. डॉक्टरांनी सांगेपर्यंत ओझे उचलू नये. ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, पोटरी दुखून फुगली किंवा धाप लागली, तर तात्काळ दवाखाना गाठावा.

सावधान : नुसत्या झिजेवर हा इलाज नव्हे. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, झिजलेला सांधा दुर्बिणीने धुतलेले आणि केवळ वरवर छेद दिलेले रुग्ण यांच्या दुखण्यात फरक आढळला नाही. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारा, "साहेब, तुकडा आहे की नुसती झीज?"

पोखर्णीकरांनी आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. पुढे नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे.

हंगाम दरसाल येतो. गुडघे मात्र दोनच आहेत!