टाकीचं खरं औषध पाणीच

कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं आता सुट्टीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतात, काहींनी विकतही घेतली आहे. गाडी बघायला गेलं की सगळे पलंग, शेगडी, फ्रिज बघतात. खाली वाकून टाक्या कोणी बघत नाही. आमच्या गाडीत टाक्यांचं सगळं काम माझ्याकडे आहे आणि ते मी आवडीने करते. पहिल्या सहलीआधी मैत्रिणींचे फोन येतात ते बहुधा याचसाठी. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

1. आधी टाकी समजून घ्या. गाडीत टाक्या तीन: पिण्या-वापरायच्या पाण्याची, सिंक आणि अंघोळीच्या सांडपाण्याची ग्रे टँक, आणि संडासाची ब्लॅक टँक. मध्यम आकाराच्या गाडीत सांडपाण्याच्या टाक्या साधारण 30 ते 40 गॅलनच्या, म्हणजे 115 ते 150 लिटरच्या असतात. घरच्या संडासातला मैला उतरत्या पाइपातून पाण्याबरोबर वाहून जातो. इथे तो वाहत नाही. बऱ्याच गाड्यांत भांड्याखालून सरळ टाकीत पडतो आणि तुम्ही व्हॉल्व्ह उघडेपर्यंत तिथेच राहतो. टाकीचा तळ जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे मैला पाण्यात तरंगत राहिला तरच बाहेर पडेल. तळाशी बसला तर तिथेच सुकेल. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

2. रिकामी टाकी कोरडी ठेवू नका. टाकी रिकामी केली की ब्लॅक टँकमध्ये लगेच तीन-चार गॅलन पाणी सोडा. तळ झाकला गेला पाहिजे. मग प्रत्येक वापरानंतर भांडं नीट भरून फ्लश करा. आरव्हीत सगळ्यांनाच पाणी वाचवायची सवय लागते आणि ती चांगलीच आहे, पण ब्लॅक टँकच्या बाबतीत ती काटकसर महाग पडते. वाळवंटात पाणी मोजून वापरायचं असेल तर दुसरीकडे वाचवा. अंघोळीआधी गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी वाया जातं ते बादलीत धरा. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीही गाळून ठेवा. ते संडासात ओता.

आपल्या लोकांची एक सवय इथे फार कामाला येते. आपण पाण्याने धुतो. भांड्याशेजारी हँड स्प्रे लावून घेतला किंवा साधं टमरेल ठेवलं, तर कागद जवळजवळ लागत नाही आणि टाकीत पाणी आपोआप जातं. भारतातून आलेल्या सासू-सासऱ्यांना मी म्हणूनच सांगते, ‘आई, बाबा, इथे पाणी वापरायला अजिबात संकोच करू नका.’ टाकी थोडी लवकर भरते, इतकंच.

3. फुल हूकअप मिळालं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच. पाणी, वीज आणि ड्रेनेज अशा तिन्ही जोडण्या जागेवर मिळाल्या की नवखा माणूस सांडपाण्याचा होज लावतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे सोडतो. हेतू चांगला असतो: साचूच नये. पण होतं उलटं. पाणी तेवढं निघून जातं, मैला आणि कागद मागे राहतात. भांड्याच्या बरोबर खाली त्यांचा ढीग चढत जातो, वरून वाळतो आणि दगडासारखा होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि टाकी निदान दोन तृतीयांश भरली की एकदम उघडा. पाण्याचा जो लोंढा सुटतो, तोच सगळं ओढून नेतो. ग्रे टँक उघडी ठेवली तर असा ढीग होत नाही, पण मी तीही बंद ठेवते, कारण ते पाणी पुढे लागतं.

4. आधी ब्लॅक, मग ग्रे. हातमोजे घाला. होज गाडीच्या तोंडाला फिरवून पक्का बसला ना, दुसरं टोक जमिनीतल्या पाइपात नीट गेलं ना, हे दोन्ही हाताने ओढून पाहा. मग ब्लॅकचा व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण उघडा. अर्धवट उघडला तर लोंढ्याचा जोर मोडतो. जोडणीत पारदर्शक एल्बो बसवा. आतलं पाणी गढूळ आहे की निवळलं, हे कळायचा दुसरा मार्ग नाही. ब्लॅक रिकामी झाली, विसळून झाली की तो व्हॉल्व्ह बंद करा आणि ग्रे उघडा. साबणाच्या पाण्याने होज आतून धुतला जातो.

5. विसळायला वेळ द्या. रिकामी करणं पाच मिनिटांचं, विसळणं त्याच्या कितीतरी पट. अनेक गाड्यांत टाकीच्या आत फवारा बसवलेला असतो आणि बाहेरून होज जोडायची सोय असते. तो चालू असताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा हवा आणि तुम्ही तिथेच उभं राहायला हवं. व्हॉल्व्ह बंद असताना टाकी भरली तर मैलापाणी वर चढतं आणि भांड्यातून किंवा छपरावरच्या व्हेंटमधून बाहेर येतं. फवारा नसेल तर भांड्यातून बादलीने पाणी ओता, व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा बंद करून ओता. एल्बोत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत.

या कामाचा होज वेगळा, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, विसळायच्या नळाचं पाणी पिण्याचं नसतं, तशी पाटीही असते. कित्येक जण आपला सांडपाण्याचा होज त्या नळाच्या तोंडाला भिडवतात. पिण्याच्या पाण्याचा होज त्या नळाला कधीही लावू नका.

6. कागद बरणीत तपासा. बरणीत पाणी घ्या, कागदाचे दोन-चार तुकडे टाका, हलवा. चिंध्या होऊन विरघळला तर टाकीत चालेल, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ओले वाइप्स मात्र कचऱ्यातच, ‘फ्लश होतात’ असं छापलेलं असलं तरी.

7. औषधांवर फार विसंबू नका. दुकानात रंगीबेरंगी बाटल्यांची रांग असते. फॉर्मल्डिहाइड असलेलं द्रव्य घेऊ नका. ते वास घालवतं कारण ते जिवाणू मारतं. पुष्कळ कॅम्पग्राउंडचं सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं आणि ती टाकी जिवाणूंच्या जिवावरच चालते. तुमच्या सोयीसाठी त्यांची टाकी बिघडते. एन्झाइम किंवा जिवाणूंचं द्रव्य वापरा, पण त्यालाही काम करायला पाणी लागतं. ब्लीच ब्लॅक टँकमध्ये नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, शिवाय रबरी सील सुकतात. अमोनिया असलेला क्लीनर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका.

बर्फाचा उपायही बरेच जण सांगतात: टाकीत बर्फ टाका, गाडी चालवा, बर्फ तळ घासून काढतो. बर्फ पाण्यावर तरंगतो. तळ घासणार कसा? त्यापेक्षा टाकी एक तृतीयांश पाण्याने भरा, थोडा भांड्यांचा साबण आणि वॉटर सॉफ्टनर घाला आणि पुढच्या मुक्कामापर्यंत हिंदकळू द्या.

8. ग्रे टँकला कमी लेखू नका. माझ्या अनुभवात मराठी कुटुंबाच्या गाडीत जास्त वास ग्रे टँकचाच येतो. आपला स्वयंपाक बघा: फोडणीचं तेल, मोहरी, कढीपत्ता, वरणाचा तळ, शिताचं पाणी, चहाचा चोथा, खोवलेला नारळ. हे सगळं सिंकमधून गेलं की तेलाचा थर टाकीच्या भिंतींना चिकटतो, त्यात शितं अडकतात आणि आंबतात. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात.

कढई आणि ताटं आधी कागदाने पुसा, मगच पाणी लावा. तो कागद कचऱ्यात. चोथा गाळण्यात झटका आणि फेका. सिंकच्या तोंडावर बारीक जाळी ठेवा, अंघोळीच्या मोरीवर केसांसाठी दुसरी. उरलेलं तेल बाटलीत जमवा. तळण मी शक्यतो बाहेरच्या शेगडीवर करते. अस्वलं असलेल्या भागात खरकटं पाणी जमिनीवर फेकणं हा वेगळाच धोका आहे. वासाने जनावर येतं, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागू शकतं. एवढं सांगितलं की मुलंसुद्धा ताटं पुसून देतात.

9. वास आला तर आधी टाकीला दोष देऊ नका. भांड्यात थोडं पाणी टिकतं का ते बघा. टिकत नसेल तर खालचं रबरी सील गेलं आहे किंवा त्यावर घाण बसली आहे. ते पुसा, सिलिकॉनचं ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली लावू नका, रबर खराब होतं. सिंक आणि मोरीखालच्या वळणदार पाइपात पाणी आहे का ते बघा. गाडी महिनाभर उभी राहिली की ते आटतं आणि टाकीतली हवा गाडीत येते. पाणी टाकताना भांड्यातून बुडबुडे येत असतील तर व्हेंट तुंबला असेल. आणि फ्लश करताना छपरावरचा पंखा बंद ठेवा. पंखा आतली हवा बाहेर काढतो, तिच्या जागी टाकीतली हवा वर ओढली जाते.

10. मीटर खोटं बोलतं. टाकीच्या भिंतीतल्या सेन्सरवर कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. टाकीच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सर बरे. मी भांड्यात टॉर्च मारून बघते.

11. मुक्कामाचा नकाशा टाकीप्रमाणे आखा. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेजमध्ये फुल हूकअप आहे. यलोस्टोनमध्ये ते फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात. योसेमिटी व्हॅलीच्या कॅम्पग्राउंडमध्ये जोडण्या नाहीत. तिथे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या नेल्या तर मुक्काम सुखाचा. ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ ला पोसा इथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल वाळवंटात लोक महिनोन्‌महिने राहतात, आणि तिथे डंप स्टेशन आहे. भरलेली टाकी घेऊन लांब जाऊ नका. 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 150 किलो वजन.

12. थंडीआधी. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करा, विसळा आणि वळणदार पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ ओता. थोडं टाक्यांतही, म्हणजे व्हॉल्व्ह गोठून तडकत नाहीत. ते बहुतेकदा प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरचं विषारी असतं, ते इथे चालत नाही.

13. ढीग आधीच झाला असेल तर. जुनी गाडी घेतलीत तर हे बहुधा वाट्याला येतं. काठीने टोचू नका, टाकी आणि सेन्सर फुटतात. टाकी जवळजवळ भरा, एन्झाइम घाला, रात्रभर मुरू द्या. सकाळी थोडा वेळ गाडी चालवा, मग व्हॉल्व्ह एका दमात उघडा. एल्बोत काय पडतं ते बघा आणि पुन्हा भरा. थर जुना असेल तर हे बऱ्याचदा करावं लागतं. तरीही सुटला नाही, तर जास्त दाबाच्या पाण्याने टाकी धुऊन देणारे कारागीर गाडीपाशी येतात, त्यांना बोलवा. ते काम करताना शेजारी उभ्या राहा आणि पाणी निवळेपर्यंत त्यांना थांबवून घ्या.