आग, ओल आणि निवारा : मालवण किनाऱ्यावरील घराची ऊब व गारवा

घर उबदार राखण्याचा प्रश्न हा हिमालयाच्या पायथ्याचा किंवा विलायतेचा. कोकणात त्याचे काय प्रयोजन, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरगावी हिवाळ्याच्या पहाटेही पारा सहसा पंधरा अंशांखाली उतरत नाही. मात्र घरातील उष्णतेचा प्रश्न केवळ थंडीपुरता मर्यादित नसतो. आंघोळीचे पाणी तापविणे, दोन वेळचा स्वयंपाक, पावसाळ्यातील ओले कपडे, बाळंतिणीची खोली आणि वैशाखातील उकाडा या साऱ्या गोष्टी त्यात येतात. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात थंडीपेक्षा ओल हा घराचा मोठा शत्रू आहे. आग कोठे पेटवावी, ओल कोठून बाहेर काढावी आणि माणसांनी निजावे कोठे, या तीन गोष्टींची नीट मांडणी म्हणजेच येथील घराचे स्वास्थ्य होय. ही मांडणी जुन्या घरांत होती. नव्या लहान घरांत ती मोडत चालली आहे. तिचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या घराची रचना

या भागातील पारंपरिक घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज घडविता येतो व हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील या दगडास लॅटिनमधील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून 'लॅटेराइट' असे नाव दिले. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून जोते उंच घेणे, भिंतीस गिलावा करणे आणि पाख्या भिंतीच्या बरेच पुढे काढणे या तीन गोष्टी येथे सौंदर्यासाठी नव्हेत, तर गरजेपोटी रूढ झाल्या.

छपराचेही तसेच. बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली व हाताने घडविलेल्या नळ्यांची जागा त्यांनी बऱ्याच अंशी घेतली. कौलारू छपराचा गुण असा की, दोन कौलांमधील फटींतून तापलेली हवा व धूर वर निघून जातो, परंतु उतारामुळे पाणी आत येत नाही. कौल पातळ असल्याने दिवसा तापले तरी सूर्यास्तानंतर लवकर निवते.

या छपराखालची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे पडवी व ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, त्यापलीकडे मागची पडवी आणि एका बाजूस न्हाणी. चूल माजघरापासून दूर असे. न्हाणीतील तांब्याचे भाण बाहेरच्या अंगाने पेटविले जाई. ओले कपडे मागच्या पडवीत वाळत. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा मारा पडवी झेली. त्या बाजूस पावसाळ्यात माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे बांधीत. उन्हाळ्यात तीच झापे अंगणातील मांडवावर चढत. आग एकीकडे, पाणी दुसरीकडे आणि झोप तिसरीकडे, अशी ही फारकत होती.

ओल येते कोठून?

ओल म्हणजे केवळ गळणारे पाणी नव्हे. हवेत बाष्प सामावण्यास मर्यादा असते व ही मर्यादा तापमानाबरोबर वाढते. एक घनमीटर हवा २० अंशांस सुमारे १७ ग्रॅम, तर ३० अंशांस सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. याहून अधिक बाष्प झाले की ते भिंतीवर, कपड्यांत, धान्यात व मिठात उतरते.

एक साधे गणित करून पाहू. पंचवीस चौरस मीटर क्षेत्राच्या व तीन मीटर उंचीच्या घरात ७५ घनमीटर हवा असते. श्रावणात तापमान २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर या संपूर्ण घरातील हवेत आणखी सुमारे ३०० ग्रॅम पाणीच मावू शकते. पिळून टाकलेल्या एका सुती साडीत एवढे पाणी सहज असते. याचाच अर्थ, दारे-खिडक्या लावून निजण्याच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घातले तर कपडे वाळत नाहीत आणि खोली मात्र ओली होते. भिंतीवर बुरशी धरते, अंथरूण दमट राहते आणि दमेकऱ्यास व लहान मुलास त्याचा उपद्रव होतो.

यावर ऊब हा उपाय आहे, परंतु अर्धाच. वरील उदाहरणात हवा तीन अंशांनी तापविली तर सापेक्ष आर्द्रता ८५ वरून ७२ टक्क्यांच्या जवळपास येते आणि हवा पुन्हा बाष्प घेऊ लागते. मात्र ती बाष्पाने भरलेली हवा वरून बाहेर गेली पाहिजे. ऊब आणि वाट ही दोन्ही असतील तर घर कोरडे होते; ऊब आहे पण वाट नाही, तर घराचे वाफारायंत्र होते. चुलीच्या ऊबेने जुन्या घरातील वासे व कौले कोरडी राहत, ती या दोन्हींच्या संयोगामुळे.

स्वयंपाकाच्या गॅसवरही पाणी तयार होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे बावीस लिटर पाणी घरात येते, असा याचा हिशेब होतो. गॅस धूर करीत नाही म्हणून स्वयंपाकघरास झरोका नको, हा समज या कारणाने चुकीचा आहे.

लाकूड, धूर आणि आगोटीची बेगमी

सिलिंडर घरोघरी पोहोचला असला तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत आजही सोडणे, करवंट्या, चुडते आणि लाकूडफाटा यांवरच तापते. हे जळण परसातच मिळते. म्हणून ते फुकट आहे असे वाटते. त्याचा हिशेब मांडला तर चित्र निराळे दिसते. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे १,२६० किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १५,००० किलोज्यूल असतात, परंतु उघड्या चुलीत त्यातील दहाव्या हिश्शाच्या आसपासच भांड्यास लागतात. म्हणजे आंघोळीच्या एका बादलीस जवळजवळ एक किलो वाळके लाकूड. लाकूड ओले असून त्यात निम्मे पाणी असेल, तर त्याची उष्णता निम्म्यावर येते, कारण जाळण्याजोगा भाग निम्मा आणि त्यातीलही काही उष्णता आतले पाणी उडविण्यात खर्च होते. उरतो तो धूर.

म्हणून पूर्वीच्या गृहिणी आगोटीपूर्वी लाकडाची बेगमी करून ठेवीत. फोडलेली लाकडे जमिनीपासून वीतभर उंच, हवा खेळेल अशा रीतीने रचावीत. वरून आच्छादन असावे, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. भाणावर झाकण ठेवावे. चुलीची भिंत भांड्याच्या तळाशी जुळती असावी. एवढ्यानेही जळण वाचते.

धुराचा प्रश्न जळणापेक्षा गंभीर आहे. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या धुराचा भार प्रामुख्याने स्त्रिया व त्यांच्या कडेवरील मुले यांवर पडतो. केंद्र शासनाने १९८३-८४ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातून मिळालेला धडा आजही उपयोगी आहे: धुराडे बसविणे सोपे, परंतु काजळी काढून ते वाहते ठेवणे हेच खरे काम. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे जोडणीचा प्रश्न पुष्कळ सुटला. तरीही न्हाणीतील चूल पेटती आहे, तोवर तिच्या धुराची वाट पाहणे प्राप्त आहे.

बंद खोलीतील शेगडी

या विषयात एक गोष्ट केवळ सोयीची नसून जीवन-मरणाची आहे. बाळंतिणीस व बाळास वारा लागू नये म्हणून खोली बंद करून आत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरील गावी थंडीच्या दिवसांत वृद्धांच्या उशाशीही शेगडी ठेवली जाते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक वाटते, आणि हाच धोका आहे. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे होत. निजलेल्या माणसास ती कळतही नाहीत.

याकरिता निजण्याच्या खोलीत पेटती शेगडी रात्रभर ठेवू नये. खोली ऊबदार करावयाची असल्यास आधी करून घ्यावी, निखारे बाहेर न्यावेत आणि मगच निजावे; तेवढ्या वेळातही वरची खिडकी उघडी असावी. नवजात बालकास आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घातल्यास उत्तम ऊब मिळते. आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांनी गरोदर स्त्रीच्या घरी जाताना ही एक गोष्ट सासूबाईंना आवर्जून समजावून सांगावी. घरातील शेगडीचा निर्णय बहुधा त्यांच्याच हाती असतो.

उन्हाळ्यातील उकाडा

विदर्भात वाळ्याचे पडदे व कूलर यांनी घर थंड होते, कारण तेथील हवा कोरडी असते. मालवणच्या दमट हवेत हा उपाय चालत नाही. घामही लवकर वाळत नाही. येथे दोनच साधने: सावली आणि वारा. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे व रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे घरातून आरपार जातील अशी समोरासमोर दारे-खिडक्या असणे, हाच या किनाऱ्याचा पंखा आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवितो व रात्री ती खाली सोडतो. अशा छतास वरून पांढरा चुना दिल्यास किंवा त्यावर हवा खेळेल एवढे अंतर ठेवून छप्पर केल्यास रात्रीचा ताप कमी होतो. आहारात उकड्या तांदळाची पेज, ताक व कोकमाचे सरबत ही आपली परंपरा या दृष्टीने योग्यच आहे.

गोबर गॅसची अनुकूलता

ज्या उष्ण हवेचा आपण त्रास मानतो, ती एका बाबतीत वरदान आहे. गोबर गॅस तयार करणारे जिवाणू सुमारे ३५ अंशांस उत्तम काम करतात व थंडीत मंदावतात. किनाऱ्यावर हिवाळा सौम्य असल्याने संयंत्र वर्षभर चालू शकते. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो शेण लागते. मध्यम कुटुंबाच्या स्वयंपाकास दोन घनमीटर गॅस पुरतो. कोकणातील गुरे ठेंगणी असल्याने शेण कमी मिळते, हे लक्षात घेऊनच संयंत्राचा आकार ठरवावा. मोठे बांधून अर्धपोटी ठेवण्यापेक्षा लहान बांधून पुरते चालविणे शहाणपणाचे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे संस्थापक अप्पासाहेब पटवर्धन यांनी ग्रामसफाई व खत यांचा विचार एकत्र केला होता. गोठा, शेत व चूल यांची सांगड घालणारे गोबर गॅस संयंत्र त्याच विचाराच्या वाटेवरचे आहे.

घरकुलात काय करावे?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलास स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर क्षेत्र धरलेले आहे. एवढ्या जागेत माजघर, पडवी व न्हाणी स्वतंत्र करणे अवघड. त्यामुळे आग, पाणी आणि झोप ही तिन्ही एकाच खोलीत येतात व पूर्वी सांगितलेली फारकत संपते. परंतु क्षेत्र वाढविता आले नाही तरी क्रम राखता येतो. ग्रामपंचायतीने आखणीच्या वेळीच पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे:

१. जोते आजूबाजूच्या जमिनीहून पुरेसे उंच घ्यावे व पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर जाईल असे गटार काढावे.
२. स्वयंपाकाची जागा एका टोकास ठेवून तिच्यावर, छपरालगत, पावसापासून आडोसा असलेला झरोका ठेवावा.
३. समोरासमोर किमान दोन उघडी तोंडे असावीत.
४. पाणी तापविण्याची चूल घराबाहेर, छपराखाली बांधावी.
५. नैर्ऋत्येच्या बाजूस, पत्र्याची वा झापांची का होईना, एक पडवी काढावी. कपडे तेथे वाळतील व भिंतीही वाचेल.

शाळेतील पाठ

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळावे. दोन्हींच्या वाचनातील फरक जेवढा कमी, तेवढी हवा दमट. मुलांनी ही वाचने जून ते मे दररोज एकाच वेळी नोंदवावीत. वर्गात, पडवीत आणि बंद खोलीत ती निरनिराळी का येतात, याचा विचार करावा. वर्षअखेरीस गावाच्या हवेची स्वतःची वही तयार होईल, आणि पुढच्या घरकुलाची आखणी करताना ती ग्रामपंचायतीसही उपयोगी पडेल.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात रस्ते, वीज व गॅस यांची पुष्कळ वाढ झाली. आता घराच्या आतील विकासाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एक झरोका, एक पडवी, वाळकी लाकडे आणि रात्री खोलीबाहेर ठेवलेली शेगडी, एवढ्यानेही एखाद्या घरातील मातेचा श्वास आणि बाळाची झोप सुरक्षित होऊ शकते.