ली नदीकाठचे कॉर्क

आयर्लंडच्या दक्षिण भागात, ली नदी समुद्राला मिळते तेथे, कॉर्क नावाचे जुने बंदर आहे. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात राजधानी डब्लिनच्या खालोखाल याच शहराचा क्रम लागतो. तरीही त्याचा मध्यभाग इतका आटोपशीर आहे की, सकाळी निघालेला पादचारी रमतगमत सायंकाळपर्यंत तो सहज पाहून घेतो. वाहनातून जाणाऱ्यास येथील इमारती दिसतात. पायी हिंडणाऱ्यास त्यांच्यामागचा इतिहासही दिसू लागतो.

आयरिश भाषेतील ज्या शब्दावरून 'कॉर्क' हे नाव पडले, त्याचा अर्थ दलदल असा आहे. ली नदी येथे दुभंगते आणि शहराच्या मध्यभागाला वेढा घालून पुन्हा एक होते. पूर्वी या भागात नदीचे अनेक लहानमोठे फाटे होते. अठराव्या शतकात ते एकामागून एक झाकून त्यांवर रस्ते करण्यात आले. सेंट पॅट्रिक रस्ता हा येथील मुख्य बाजारपेठेचा रस्ता. तो धनुष्यासारखा वाकलेला का, असा प्रश्न पाहुण्यास पडतो. त्याचे उत्तर त्याच्या पायाखालीच असते, कारण हे वळण मूळचे नदीचे आहे. जवळच्या साउथ मॉल रस्त्यावर काही जुन्या घरांचे दरवाजे उंचावर असून तेथे पायऱ्या चढून जावे लागते. एके काळी त्या पायऱ्यांशेजारी, खालच्या अंगास नावा येऊन लागत!

या दोन रस्त्यांच्या मध्ये १७८८ साली स्थापन झालेली इंग्लिश मार्केट ही मंडई आहे. मासे, मांस, भाज्या, चीज आणि पाव यांची दुकाने तेथे दाटीने मांडलेली असतात. मंडईतून निघून उत्तरेकडे गेले म्हणजे पुलाजवळ फादर मॅथ्यू यांचा पुतळा लागतो. १८३८ साली या धर्मोपदेशकाने कॉर्कमध्ये मद्यपाननिषेधाची चळवळ आरंभिली आणि लक्षावधी लोकांकडून दारू न पिण्याची शपथ घेवविली.

पूल ओलांडून चढ चढला की शँडन येथील सेंट ॲनचे चर्च येते. १७२२ साली बांधलेल्या या चर्चच्या मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या दगडाच्या, तर दोन पांढऱ्या दगडाच्या आहेत. चारही बाजूंच्या घड्याळांची वेळ एकमेकांशी नेहमी जुळतेच असे नाही. म्हणून नगरवासी त्यास विनोदाने 'चार तोंडांचा लबाड' म्हणतात.

याच टेकडीवर कॉर्कचा लोण्याचा बाजार भरत असे. एकोणिसाव्या शतकात तो जगातील सर्वांत मोठा बाजार गणला जाई. खारवलेल्या लोण्याची पिंपे येथून दूरदेशी रवाना होत. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि देशात भीषण दुष्काळ ओढवला. सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. आणखी तितक्याच लोकांनी देशत्याग केला. कितीएकांनी याच बंदराच्या मुखाशी असलेल्या कोव्ह येथून अमेरिकेची वाट धरली. अशा काळातही लोण्याची पिंपे परदेशी जातच राहिली. पिकविणारा उपाशी आणि गलबते भरलेली, असे ते विपरीत दृश्य होते.

दिवस कलला की टेकडी उतरून नदीच्या दक्षिण तीरावरील नगरभवनाकडे यावे. १९२० साली आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा ऐन भरात होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नगराध्यक्ष टोमास मॅक कर्टन यांची त्यांच्या घरात हत्या झाली. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅक्स्विनी यांना ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैनिकांनी नगरभवनातच अटक केली. त्यांनी अन्नत्याग केला आणि २५ ऑक्टोबर रोजी, उपोषणाच्या चौऱ्याहत्तराव्या दिवशी, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात प्राण सोडला. डिसेंबरमध्ये ब्रिटिश दलांनी लावलेल्या आगीत नगरभवन आणि कितीतरी दुकाने भस्मसात झाली. आज दिसते ते नवे नगरभवन १९३६ साली खुले झाले.

मॅक्स्विनींच्या बलिदानाचे पडसाद भारतातही उमटले. १९२९ साली क्रांतिकारक जतीन दास यांनी राजबंद्यांच्या हक्कांसाठी लाहोरच्या तुरुंगात त्रेसष्ट दिवस उपोषण करून देह ठेवला, तेव्हा मॅक्स्विनींच्या कुटुंबाकडून समवेदनेची तार आली होती.

दुष्काळात या देशावर भूक लादली गेली होती. पुढे याच नगरातील एका पुरुषाने ती स्वेच्छेने पत्करून तिचेच शस्त्र केले. शँडनच्या टेकडीवरून नगरभवनापर्यंतचे अंतर चालावयास फार वेळ लागत नाही. पण त्या वाटेवर एका राष्ट्राचा मोठा प्रवास सामावलेला आहे.

स्वाध्याय

१. सेंट पॅट्रिक रस्ता वाकलेला का आहे?
२. 'पिकविणारा उपाशी आणि गलबते भरलेली' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. टेरेन्स मॅक्स्विनी व जतीन दास यांच्या जीवनांतील साम्य सांगा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या रस्त्याने पायी जा आणि त्याच्या नावामागील इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.